खिडकीचा जुना रंग आणि उंदरांचा मोठा पिंजरा



गेल्या दिवाळीआधीची गोष्ट. बडोद्यात दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे, आजोबांनी घेतलेलं. लाकडी खिडक्या, लाकडी दारं. दर पाच-सात वर्षांनी त्यांना ऑइल पेंटचा हात बसायचा. जुन्यावर नवा, त्यावर आणखी नवा. या वेळी दादाने ठरवलं, सगळं खरवडून काढायचं आणि मग नीट रंगवायचं. रंगारीकाका दोन दिवस पॉलिश पेपर घासत होते. घरभर हिरवट-पांढरी भुकटी. आणि त्या भुकटीत माझी दीड वर्षाची भाची ओवी फतकल मारून बसलेली, बोटं चोखत.

कुणालाच काही वाटलं नाही. मलाही नाही. आई म्हणाली, "मातीत खेळूनच मुलं मोठी होतात गं."

दोन आठवड्यांनी ऑफिसात माझ्याकडे एका लेखाचं काम आलं, "मुलांच्या खोलीसाठी रंग कसा निवडाल?" माझं शिक्षण इंग्रजी साहित्याचं, विज्ञानाचा शेवटचा पेपर दहावीला दिलेला. त्यामुळे प्रत्येक शब्द शोधत बसावं लागलं. डब्यांवर "लेड-फ्री" का छापतात ते वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. लेड म्हणजे शिसं. जुन्या ऑइल पेंटमध्ये ते भरपूर असायचं. आणि आम्ही तोच जुना रंग कोरडा घासून घरभर उडवला होता.

मी वहिनीला फोन केला. दुसऱ्या दिवशी ओवीचं रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट आला, ७ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटर.

आकडा लहान वाटतो ना? आम्हालाही वाटला. पण शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ५ किंवा त्याहून जास्त आकडा आला तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करा, असा तिचा सल्ला आहे. अमेरिकेत तर २०२१ पासून ३.५ च्या पुढच्या मुलांकडे लक्ष दिलं जातं.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "औषधाची गरज नाही. भुकटी साफ करा, लोह आणि कॅल्शियम बघू, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू." वहिनीने विचारलं, "पण जे आत गेलंय, त्याने काही बिघडलं असेल तर ते भरून निघेल का?" डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, "या एका आकड्यावरून एका मुलाबद्दल काहीच सांगता येत नाही."

वहिनीचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. तो शोधता शोधता मी एका संशोधकाच्या कामापाशी पोहोचले. त्यांचं नाव तोमास गिलार्ते. आजचा लेख त्यांच्या कामाबद्दल.

शिसं म्हणजे तोतया

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचं नाव सांगत एक तोतया उभा राहिला आणि कित्येकांनी त्याला खरा भाऊ मानलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. शिसं शरीरात तेच करतं. ते कॅल्शियमचा वेश घेतं.

कॅल्शियम म्हटलं की आपल्याला दूध आणि हाडं आठवतात. पण कॅल्शियम पेशींचा निरोप्याही आहे. "हे उघड, ते बंद कर, आता हे बनव," असे हुकूम पेशीच्या आत कॅल्शियमच्या हालचालींतून पोचतात. शिशाचा कण पेशीला कॅल्शियमसारखा भासतो. म्हणून शरीर त्याला आत घेतं, हाडांत जागा देतं. रक्तातलं शिसं काही आठवड्यांत कमी होतं, पण हाडांतलं वर्षानुवर्षं, कधी दशकानुदशकं राहतं. गरोदरपणात हाडांतलं कॅल्शियम बाळासाठी सुटतं, तेव्हा हा तोतयाही सोबत बाहेर पडतो.

मुलांना धोका जास्त, कारण पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढा भाग मोठ्यांचं शरीर शोषतं, त्याच्या चार ते पाच पट भाग लहान मुलांचं शरीर शोषू शकतं. अंगात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. जिथे खऱ्याची कमतरता, तिथे तोतयाचं फावतं.

बाल्टिमोर नावाचं शहर

गिलार्ते यांनी अनेक वर्षं अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात काम केलं. या विषयासाठी याहून योग्य गाव शोधून सापडलं नसतं. बाल्टिमोरमध्ये एकाला एक चिकटलेल्या जुन्या घरांच्या रांगाच्या रांगा आहेत. त्या घरांच्या खिडक्या-दारांवर शिशाच्या रंगाचे थर होते. रंगाचे पोपडे पडायचे, रांगती मुलं ते तोंडात घालायची, खिडकी वर-खाली केली की भुकटी उडायची. घराच्या आत शिशाचा रंग लावायला या शहराने १९५१ मध्येच बंदी घातली. अख्ख्या अमेरिकेत घरगुती रंगांवर बंदी यायला १९७८ उजाडलं. पण बंदी नव्या डब्यावर येते, भिंतीवरचा जुना थर तिथेच राहतो.

अशा मुलांच्या रक्तातलं शिसं औषधाने काढलं तर त्यांची बुद्धी सावरते का? हे बघायला बाल्टिमोरसह चार शहरांत एक मोठी चाचणी झाली. ७८० लहान मुलं, रक्तातलं शिसं २० ते ४४ च्या दरम्यान. निम्म्यांना शिसं बाहेर काढणारं औषध दिलं, निम्म्यांना तसंच दिसणारं बिनऔषधी. २००१ मध्ये निकाल आला. औषधाने रक्तातलं शिसं खरोखर उतरलं होतं. पण बुद्धीच्या आणि वागणुकीच्या चाचण्यांत दोन्ही गटांत फरक पडला नाही.

हे वाचून मी लॅपटॉप मिटवला आणि थोडा वेळ गच्चीत जाऊन उभी राहिले. म्हणजे चोर पकडला तरी चोरीचा माल परत मिळत नाही?

मग मेंदूतून नेमकं काय चोरीला जातं, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर शोधणाऱ्यांत गिलार्ते आहेत.

वाढ म्हणजे निरोप

इथे आपल्याला थोडं मागे जावं लागेल, इटलीतल्या तुरिन शहरात. १९३८ मध्ये मुसोलिनीच्या सरकारने ज्यूंविरुद्ध कायदे केले आणि रिता लेव्ही-मोन्ताल्चिनी या तरुण डॉक्टर बाईंचं विद्यापीठातलं काम थांबलं. त्यांनी आपल्या झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली. शिवणाच्या सुया घासून बारीक हत्यारं केली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांत मज्जापेशी कशा वाढतात ते बघत राहिल्या. युद्धानंतर त्या अमेरिकेत गेल्या. तिथे त्यांना दिसलं की काही पेशी एक पदार्थ सोडतात आणि मज्जातंतू त्या दिशेने भराभरा वाढतात. स्टॅन्ली कोहेन यांनी तो पदार्थ वेगळा करून दाखवला. १९८६ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

या पदार्थांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात, वाढीचे घटक. नाव ऐकून वाटतं की हे एखादं टॉनिक असावं. पण हे अन्न नाही, हा निरोप आहे. शेजारची पेशी कळवते, "तू हवी आहेस, इकडे ये, हात पुढे कर." निरोप मिळाला की पेशी वाढते, टिकते, नवे धागे काढते. मेंदूच्या वाढीत कित्येक पेशी निरोप न मिळाल्यामुळे गळूनही जातात.

१९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून असाच आणखी एक घटक शोधला गेला, बीडीएनएफ. आपण शिकतो, लक्षात ठेवतो, तेव्हा मेंदूतल्या पेशींमधले सांधे पक्के होतात. त्या कामात बीडीएनएफचा मोठा हात असतो.

निरोप कुठे अडतो?

आता धागे जुळवू या. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे, नव्या आठवणी बनवण्याच्या कामातला. तिथल्या पेशींवर एक खास दरवाजा असतो, एनएमडीए रिसेप्टर. दोन पेशींचं बोलणं जुळलं की हा दरवाजा उघडतो, कॅल्शियम आत जातं आणि आतून हुकूम सुटतो, "बीडीएनएफ बनवा, हा सांधा पक्का करा."

गिलार्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की शिसं नेमकं याच दरवाजाला अडसर घालतं. मग कॅल्शियमचा निरोप पोचत नाही आणि बीडीएनएफ कमी पडतं. पेशी मरत नाही, दिसायला सगळं ठीक असतं. फक्त ज्या वयात भराभर सांधे जुळायचे, त्या वयात ते दुबळे राहतात.

२०१० मध्ये त्यांच्या गटाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी बशीत वाढवल्या आणि सांधे जुळण्याच्या काळात त्यांना शिसं दिलं. त्या पेशी शेजारणीला रासायनिक निरोप सोडण्यात कमी पडू लागल्या. मग संशोधकांनी बशीत बाहेरून बीडीएनएफ घातलं, आणि शिसं असूनही ही कमतरता बरीचशी भरून निघाली.

म्हणजे शिशाने पेशीची ताकद संपवलेली नव्हती. तिला निरोप मिळत नव्हता एवढंच.

मोठा पिंजरा

बशीतल्या पेशींना बाहेरून बीडीएनएफ देता येतं. मुलांच्या मेंदूत ते असं ओतता येत नाही. मग मेंदूने स्वतःच ते जास्त बनवावं म्हणून काही करता येईल का?

या प्रश्नाला भिडणारा प्रयोग गिलार्ते यांच्या गटाने २००३ मध्येच प्रसिद्ध केला होता. माझ्या मते त्यांच्या कामातला सगळ्यात हृद्य भाग हाच.

वाढीच्या काळात शिसं मिळालेली उंदरांची पिल्लं त्यांनी घेतली. काहींना साध्या पिंजऱ्यात एकेकटं ठेवलं. काहींना मोठ्या पिंजऱ्यात सोबत्यांबरोबर ठेवलं, जिथे खेळणी होती, हुंदडायला जागा होती, करायला काहीतरी होतं. मग सगळ्यांची परीक्षा घेतली. पाण्याच्या टाकीत पृष्ठभागाखाली एक लपवलेला चौथरा असतो. उंदराला पोहत पोहत तो शोधावा लागतो आणि पुढच्या वेळी आठवावा लागतो.

एकेकटी वाढलेली, शिसं मिळालेली पिल्लं शिकण्यात मागे पडली. मोठ्या पिंजऱ्यात वाढलेली, तितकंच शिसं मिळालेली पिल्लं सावरली. त्यांच्या मेंदूत बघितलं तर त्या दरवाजाचा एक महत्त्वाचा भाग बनवण्याचं काम सुधारलं होतं आणि बीडीएनएफ बनवण्याचे हुकूम वाढले होते. कुठलंही औषध दिलेलं नव्हतं. होती ती सोबत, जागा आणि खेळ.

मी हे वहिनीला वाचून दाखवलं तेव्हा ती काही बोलली नाही. फक्त ओवीला उचलून मांडीवर घेतलं.

पण इथे थांबून दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात, नाहीतर मी तुमची फसवणूक करेन.

पहिली, हे उंदीर आहेत. उंदराचं पिल्लू काही आठवड्यांत मोठं होतं, माणसाच्या मुलाला वर्षं लागतात. उंदरात सावरलं म्हणून मुलात तसंच सावरेल, असं म्हणता येत नाही. कुणी "मेंदूतलं शिसं उतरवणारा खेळ" विकायला आलं तर दार लावून घ्या.

दुसरी, शिसं आत येतच राहिलं तर खेळ किती आणि कुठे पुरणार? नळ वाहत असताना फरशी पुसण्यात अर्थ नाही. आधी नळ बंद करायचा.

नळ बंद करायचा म्हणजे काय?

आपल्या देशात शिशाचं पेट्रोल २००० सालापासून बंद झालं. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम २०१६ मध्ये झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या कुठल्याही घरात खालच्या थरात काय आहे ते सांगता येत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या जवळपास दर तीन मुलांतल्या एकाच्या रक्तात ५ किंवा त्याहून जास्त शिसं आहे आणि त्यात भारतातल्या मुलांची संख्या मोठी आहे.

म्हणून आमच्या घरात आम्ही आता हे पाळतो.

जुना रंग काढायचा असेल तर कोरडा घासायचा नाही. आधी ओला करायचा, मग खरवडायचा. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या दिवसांत दुसऱ्या घरी. रंगारीकाकांनाही मास्क, कारण सगळ्यात जास्त भुकटी त्यांच्याच नाकात जाते आणि तेच कपडे घालून ते आपल्या मुलांकडे परत जातात. हे आम्हाला आधी सुचलंच नव्हतं, याची लाज वाटते.

झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायचं. जेवणाआधी मुलांचे हात साबणाने धुवायचे.

जास्तच झगझगीत पिवळी सुटी हळद घ्यायची नाही. हळकुंडं चमकदार दिसावीत म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट चोळतात. हा शिशाचाच पिवळा रंग. बांगलादेशात हे उघडकीला आल्यावर सरकारने आणि संशोधकांनी मिळून मोहीम काढली. २०१९ मध्ये तिथल्या बाजारातल्या जवळपास निम्म्या हळदीत शिसं सापडलं होतं. २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आलं. म्हणजे ठरवलं तर नळ बंद होतो.

सुरमा मुलांच्या डोळ्यांत घालायचा नाही. काही सुरम्यांत शिसंच असतं. जुन्या बॅटऱ्या फोडण्या-वितळवण्याचं काम घराजवळ चालत असेल तर मुलांना तिथे खेळू द्यायचं नाही. पितळी भांड्यांना कल्हई करून घ्यायची तर ती शुद्ध कथलाची आहे ना, हे विचारायचं.

आणि ताटात लोह आणि कॅल्शियम हवं. नाचणी, तीळ, पालेभाजी, दूध, डाळ, त्यावर लिंबू पिळून. तोतयाला जागाच मिळू नये म्हणून.

मूल जुन्या रंगाच्या घरात राहत असेल, घरात कुणी बॅटरीच्या किंवा रंगाच्या कामावर असेल, किंवा मुलाला माती-पोपडे खायची सवय असेल, तर डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्या. शिशाचं ठळक लक्षण बहुतेक वेळा दिसत नाही. मूल हसतं, खेळतं, जेवतं. आमची ओवीही तशीच होती.

तीन महिन्यांनंतर

दुसरा रिपोर्ट आला. ४. अजून साडेतीनच्या वरच, पण उतरता. वहिनीने तो फ्रिजवर चिकटवला आहे, शेजारी पुढच्या तपासणीची तारीख.

वहिनीच्या प्रश्नाला माझ्याकडे आजही पक्कं उत्तर नाही. पण तो प्रश्न विचारताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते आता नाही. आधी तिला वाटायचं, जे झालं ते झालं, शिक्का बसला. आता तिला माहीत आहे की वाढणारा मेंदू सतत निरोपांची वाट बघत असतो, आणि ते निरोप पाठवणाऱ्यांत आपणही आहोत.

त्यासाठी आम्ही महागडी खेळणी आणली नाहीत. आमच्या वाड्याच्या चौकात संध्याकाळी चार घरची मुलं जमतात. आधी ओवीला "धूळ लागेल, लहान आहे" म्हणून वर ठेवायचे. आता ती खाली असते. पायऱ्या चढते, पडते, कुणाच्या तरी मागे पळते, कुणाचा तरी चेंडू पळवते. वर आली की आई तिला आधी मोरीत नेऊन हात-पाय धुवायला लावते. मुलं मातीत खेळूनच मोठी होतात, हे आईचं म्हणणं कायम आहे. फक्त आता ती पुढे जोडते, "पण माती मातीच असली पाहिजे."

तुमच्या घरात या वर्षी रंगकाम काढणार असाल तर रंगाची छटा ठरवण्याआधी रंगाऱ्याला एवढंच विचारा, "जुना रंग ओला करून काढणार ना?" आणि काय उत्तर मिळालं ते मला जरूर कळवा.

पुढच्या वेळी भेटूच.